पर्यायी इतिहासातला रशिया: स्ट्रॅटेजी गेमसाठी राजकीय गट कसे बनवायचे

रशियावर अल्टरनेट हिस्टरी गेम करायला घेतला की बहुतेक जण आधी एक स्लायडर काढतात, डावीकडे कम्युनिस्ट, मध्ये लोकशाहीवाले, उजवीकडे झार, आणि मग त्या पट्टीवर सात-आठ झेंडे लावून मोकळे होतात. दिसायला भारी दिसतं, पण खेळायला बसलं की कुठलाही गट घ्या, सगळे सारखेच खेळतात, रंग तेवढा वेगळा आणि पाच-दहा टक्क्यांचा बोनस वेगळा. खरा 1917-18 चा रशिया असा नव्हताच. एकाच पक्षातली माणसं एकमेकांच्या विरोधात उभी राहत होती, कालचे शत्रू आज एका सरकारात बसत होते, आणि हे सगळं होत होतं कारण दर दोन महिन्यांनी समोरचा प्रश्न बदलत होता. म्हणून गट डिझाईन करताना मी एकच गोष्ट सगळ्यात वर ठेवतो: हा गट काय सोडूच शकत नाही? त्याचं उत्तर मिळालं की झेंडा, बोनस, घोषणा मागाहून येतात.

खाली मी सगळं एकाच फाट्यावर करून दाखवतोय म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. डिजिटल गेम असो, मॉड असो की पुठ्ठ्यावरचा बोर्ड गेम, पद्धत तीच.

पायरी 1: इतिहासाला फाटा कुठे फोडायचा

"अमुक माणूस मेला असता तर" छाप फाटे शक्यतो नकोत, कारण त्यात एक माणूस काढला की सगळे प्रश्न आपोआप सुटल्यासारखे वाटतात. मी नोव्हेंबर 1917 घेतो. (तारखा सगळ्या नव्या कॅलेंडरप्रमाणे देतोय. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, 13 दिवस मागे, आणि 1918 मध्ये 31 जानेवारीनंतर थेट 14 फेब्रुवारी उजाडली. गेममध्ये पहिल्याच दिवशी एक कॅलेंडर ठरवून टाका, नाहीतर इव्हेंटच्या तारखा एकमेकांवर चढतात.)

7 नोव्हेंबरला बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाने, तेव्हाची राजधानी पेत्रोग्राद (आजचं सेंट पीटर्सबर्ग) घेतलं. 11 नोव्हेंबरला रेल्वे कामगार युनियनच्या कार्यकारिणीने, जिला विकझेल म्हणायचे, सरळ धमकी दिली की सगळ्या समाजवादी पक्षांचं मिळून सरकार बनवा नाहीतर गाड्या बंद. बोलणी सुरू झाली. बोल्शेविकांकडून कामेनेव बोलत होता, आणि समोरून मागणी आली की लेनिन आणि ट्रॉट्स्की सरकारात नकोत. त्या दिवशी ही बोलणी बोल्शेविकांनाही हवीच होती कारण त्यांच्यावर चालून आलेला सेनापती क्रास्नोव याचे कोसॅक (दक्षिणेकडचे लढवय्ये घोडेस्वार) पेत्रोग्रादच्या बाहेर उभे होते आणि मॉस्कोत रस्त्यांवर लढाई चालू होती. पण 12 तारखेला पुल्कोवोच्या टेकड्यांवर क्रास्नोवला मागे रेटलं, 15 तारखेपर्यंत मॉस्कोही हातात आलं, आणि मग तडजोड करायची लेनिनला गरजच उरली नाही. 17 तारखेला कामेनेव, झिनोव्हिएव, रायकोव्ह वगैरे मंडळींनी पक्षाच्या केंद्रीय समितीचा राजीनामा दिला.

आता आपला फाटा: पुल्कोवोला निकाल लागत नाही, मॉस्को अजून दोन आठवडे पेटलेलं राहतं, सैन्य हलवायला गाड्या लागतात आणि गाड्या विकझेलकडे आहेत, त्यामुळे केंद्रीय समितीत कामेनेवचं म्हणणं पास होतं. सगळ्या समाजवाद्यांचं आघाडी सरकार बनतं, आणि 18 जानेवारी 1918 ला तवरिदा राजवाड्यात भरलेली संविधान सभा (राज्यघटना ठरवायला निवडून दिलेली) एका रात्रीत गुंडाळली जात नाही. गेम तिथून सुरू.

फाटा चांगला की नाही हे तपासायला तीन गोष्टी बघा. त्या वेळी कोणीतरी खरंच ते मागत होतं का, ते घडवायची ताकद कोणाकडे होती का, आणि फाटा फुटल्यावरही मोठ्या अडचणी तशाच राहतात का. इथे जर्मन सैन्य जागेवर आहे, शहरात ब्रेड नाही, खेड्यात जमिनी ताब्यात घेणं चालू आहे, म्हणजे प्लेयरला करायला भरपूर काम शिल्लक आहे.

पायरी 2: आधी प्रश्न लिहा, पक्ष नंतर

एक स्प्रेडशीट उघडा. वरच्या ओळीत पाच प्रश्न: युद्धाचं काय करायचं, जमीन कोणाची, शहराला धान्य कसं आणायचं, सत्ता सोव्हिएतची (कामगार, सैनिक, शेतकऱ्यांच्या परिषदा) की संविधान सभेची, आणि रशियन नसलेल्या लोकांना किती स्वायत्तता. डाव्या कॉलममध्ये सुचतील ते सगळे पक्ष. प्रत्येक चौकटीत एक वाक्य, त्याहून जास्त नाही.

भरून झालं की दोन गोष्टी दिसतात. जिथे दोन पक्षांची पाचही उत्तरं जवळपास सारखी आहेत तिथे ते एकच गट करून टाका, गेमला वीस पक्ष झेपत नाहीत. आणि जिथे एकाच पक्षाच्या चौकटीत तुम्हाला "काही म्हणतात असं, काही म्हणतात तसं" लिहावं लागलं, तिथे खूण करा, कारण तिथेच खरा गेम आहे. उदाहरणार्थ उजवे एसआर (एसआर म्हणजे समाजवादी क्रांतिकारी, शेतकऱ्यांचा पक्ष) आणि कॅडेट (संवैधानिक लोकशाहीवादी, उदारमतवाद्यांचा पक्ष) दोघंही दोस्त राष्ट्रांबरोबर (ब्रिटन, फ्रान्स) राहून युद्ध चालू ठेवा म्हणणारे, पण जमिनीवर आले की एसआरना जमीनदारी साफ काढायची आहे आणि कॅडेटना मोबदला देऊन कायद्याने सुधारणा हवी आहे. कॅडेट पक्ष तर स्वतःच मजेशीर आहे, त्यांचा नेता मिल्युकोव, 1917 मध्ये युद्ध शेवटपर्यंत लढायचं म्हणून मंत्रिपद गमावलेला माणूस, 1918 मध्ये कीव्हमध्ये बसून जर्मनांची मदत घेऊया म्हणत होता, आणि पक्षातले बाकीचे दोस्तांनाच धरून होते. स्लायडरवर हे कुठे दाखवणार? प्रश्नांच्या तक्त्यात मात्र नीट बसतं: युद्धाचं उत्तर बदललं, बोल्शेविक नकोत हे बदललं नाही.

पायरी 3: कोणाच्या हातात काय आहे

मतं आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी ठेवा. ही पायरी घाईत करू नका, रशियाचा सगळा तिढा इथेच आहे.

संविधान सभेच्या निवडणुकीला 25 नोव्हेंबर 1917 पासून सुरुवात झाली, चार कोटींहून जास्त मतं पडली, आणि एसआरना साधारण 40 टक्के, बोल्शेविकांना साधारण 24 टक्के मिळाली. कागदावर एसआर जिंकले. पण एसआरची मतं होती व्होल्गाकाठी, काळ्या मातीच्या पट्ट्यात, सायबेरियात, म्हणजे खेड्यांत पसरलेली, आणि बोल्शेविकांची मतं पेत्रोग्राद, मॉस्को, राजधानीजवळच्या उत्तर आणि पश्चिम आघाडीवरच्या सैनिकांत गोळा झालेली. सभा भरते पेत्रोग्रादमध्ये. मतदार हजार किलोमीटर लांब आणि बंदूकवाले दाराशी, हे आकड्यांत उतरवता आलं की अर्धा गेम झाला समजा.

म्हणून प्रत्येक गटाला मतांचा एक आकडा द्या आणि त्याच्या शेजारी पकडीची यादी: कुठली शहरं, कुठल्या छावण्या, कुठले रेल्वे जंक्शन, कुठले कारखाने, कुठली तार ऑफिसं. मतांनी कायदे पास होतात, पकडीने ते अमलात येतात. कायदा पास झाला पण त्या प्रांतात तुमची पकड शून्य, तर तो तिथे नुसता कागद.

या हिशोबात विकझेलसारखा गट फार खुलतो. त्याच्याकडे ना प्रांत ना सैन्य, मॅपवर रंगच नाही, पण रुळ त्याचे. याच रेल्वेवाल्यांनी 1917 मध्ये सेनापती कोर्निलोवच्या बंडाच्या वेळी त्याच्या तुकड्यांच्या गाड्या अडवल्या होत्या, भलत्याच दिशेला वळवल्या होत्या. गेममध्ये विकझेलला एकच अधिकार द्या: दर टर्नला एक लाईन बंद. फक्त एक. त्या एका लाईनसाठी सगळे पक्ष त्याच्या दारात येतील. आणि त्याचा उतारा पण खऱ्या इतिहासातच आहे, बोल्शेविकांनी जानेवारी 1918 मध्ये विकझेलला पर्याय म्हणून आपल्या बाजूची वेगळी रेल्वे कार्यकारिणी उभी केली. तोही पर्याय प्लेयरला द्या, पण महाग ठेवा, युनियन फोडली की काही टर्न गाड्या कोणाच्याच ऐकत नाहीत.

उलटं टोक म्हणजे दक्षिणेत डॉन नदीकाठी, कोसॅकांच्या प्रदेशात, सेनापती अलेक्सेयेव आणि कोर्निलोवचं बोल्शेविकविरोधी स्वयंसेवक सैन्य. 1918 च्या सुरुवातीला अवघे काही हजार, त्यात अधिकारी आणि लष्करी शाळांतली पोरंच जास्त. लढायला पक्के, पण भरती नाही, कारण आसपासचा शेतकरी त्यांच्याकडे बघून जमीनदार परत आला असं समजतो. यांना लढाईचा मोठा बोनस आणि नवीन सैनिक जवळपास शून्य, असं करा. त्यांना टिकायचं असेल तर कोसॅकांशी जमवून घ्यावं लागेल, आणि डॉनवर आघाडीवरून परतलेले तरुण कोसॅक अजिबात लढायच्या मूडमध्ये नव्हते, त्यांचा आतामान (कोसॅकांचा प्रमुख) कालेदिन त्याच निराशेत फेब्रुवारी 1918 मध्ये स्वतःला गोळी घालून गेला.

आणि खेडं? खेड्याला गट करू नका असं माझं ठाम मत आहे. खेडं कोणाच्या बाजूने नव्हतं, ते आपल्या गावपंचायतीतून, ज्याला मीर म्हणायचे, जमीन वाटून घेत होतं आणि कोण त्याच्या धान्याला हात लावतो ते बघत होतं. त्याला मॅपवरचा दाब म्हणून ठेवा, प्रत्येक प्रांताला "जमीन मिळाली का" आणि "धान्य ओढून नेलं का" असे दोन काटे.

पायरी 4: पक्षाच्या आतले पक्ष

एसआर पक्षाच्या उमेदवार याद्या बनल्या तेव्हा पक्ष एक होता. मतदान झालं तोवर डावे एसआर, मारिया स्पिरिदोनोवाचे लोक, वेगळे होत होते. म्हणजे शेतकऱ्याने एसआरला मत दिलं तेव्हा ते पक्षाचा जुना नेता चेर्नोव याला दिलं की स्पिरिदोनोवाला हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं, आणि याद्या जुन्या नेतृत्वाने केलेल्या असल्यामुळे सीट मात्र बऱ्याचशा उजव्या-मधल्या लोकांकडे गेल्या. गेम डिझायनरला याहून चांगलं काही सापडणार नाही.

म्हणून प्रत्येक मोठ्या गटात दोन किंवा तीन आतले गट करा. एसआरमध्ये उजवे (युद्ध चालू ठेवा, कॅडेटही चालतील), चेर्नोवचा मधला गट (जमिनीचा कायदा आधी, बाकी सगळं जुळवून घेऊ), डावे (ताबडतोब शांतता, सोव्हिएतना मान). बोल्शेविकांत कामेनेवचे आघाडीवाले, लेनिनचे सत्ता न सोडणारे, आणि बुखारिनचे, ज्यांना जर्मनांशी तह म्हणजे क्रांतीचा घात वाटत होता आणि ज्यांना क्रांतिकारी युद्ध हवं होतं. लक्षात घ्या, शांततेच्या प्रश्नावर लेनिन आणि बुखारिन समोरासमोर आहेत पण सत्तेच्या प्रश्नावर कामेनेवच्या विरोधात एकत्र. मेन्शेविकांत (बोल्शेविकांपासून वेगळे झालेले मवाळ समाजवादी) मार्तोव आणि दान या दोघांचे गट पुरे; रशियात त्यांच्या सीट मूठभर, पण कामगार युनियनमध्ये वजन आहे आणि जॉर्जिया त्यांचा भरभक्कम गड.

यांत्रिकी साधी ठेवा. प्लेयर पक्ष चालवतो, आतला गट चालवत नाही. प्रत्येक आतल्या गटाला मतांचा वाटा आणि नाराजीचे टोकन. त्यांच्या प्रश्नावर उलटा निर्णय झाला की टोकन, तीन टोकन झाले की तो गट फुटतो आणि जाताना आपली मतंच नाही तर पकडही घेऊन जातो. इथे नवखे डिझायनर फक्त मतं कमी करतात, तसं करू नका, डावे एसआर गेले तर त्यांच्याबरोबर शेतकरी सोव्हिएतही जायला हव्यात.

पायरी 5: काय सोडू शकत नाही

आता प्रत्येक गटाचं एक पान. नमुना म्हणून डाव्या एसआरचं देतो, मला हा गट मनापासून आवडतो, गेममध्ये त्याला नेहमी बोल्शेविकांची शेपटी म्हणून टाकून देतात ते बरोबर नाही.

सोडू शकत नाही: जमीन कसणाऱ्यांना सारखी वाटणं. जर्मनांपुढे मान तुकवणार नाहीत.
देऊ शकतात: मंत्रिपदं, सभेतलं अध्यक्षपद, कारखान्यांबद्दलचं जवळपास सगळं.
हातात: शेतकरी सोव्हिएत, ताफ्यातले आणि छावण्यांतले काही सैनिक, जुनी दहशतवादी परंपरा.
भीती: शहर खेड्यातून बंदुकीच्या जोरावर धान्य नेईल.

खऱ्या इतिहासात हे पान तंतोतंत खरं ठरलं. डिसेंबर 1917 मध्ये ते लेनिनच्या सरकारात गेले, शेतीखातं आणि न्यायखातं घेतलं, मार्च 1918 मध्ये जर्मनांशी ब्रेस्ट-लितोव्स्कचा तह झाला म्हणून बाहेर पडले, आणि 6 जुलैला त्यांच्या माणसांनी जर्मन राजदूत मिरबाखला मारलं. त्या दरम्यान खेड्यात धान्यासाठी हत्यारी तुकड्या पाठवणं सुरू झालं होतं, म्हणजे भीतीची ओळही भरली. तुमचं पान इतिहासातल्या वागण्याचं कारण सांगू शकत असेल तरच ते पर्यायी इतिहासातही विश्वासाने चालेल, म्हणून प्रत्येक पान आधी खऱ्या घटनांवर चालवून बघा आणि मगच फाट्यावर न्या.

पायरी 6: प्रत्येकाला एकच खास क्रिया

बोनस नको, क्रिया द्या. बोल्शेविकांना मी "मागणी उचलणे" देतो. 8 नोव्हेंबर 1917 चा जमिनीचा हुकूमनामा बराचसा शेतकऱ्यांनी एसआरमार्फत दिलेल्या मागण्यांवरून घेतलेला होता, एसआर ओरडले की हे आमचं आहे, पण खेड्यात नाव हुकूम काढणाऱ्याचं झालं. गेममध्ये दुसऱ्याचा रखडलेला कायदा बोल्शेविक आपल्या नावाने काढू शकतात, आणि त्यांच्या स्वतःच्या एका आतल्या गटाला टोकन बसतं. एसआरना "सभेत वेळ काढणे", निर्णय एक टर्न पुढे ढकलायचा, कारण सभेत सगळ्यात जास्त सीट त्यांच्या आहेत पण तिघांत वाटलेल्या. कॅडेटना परदेशी कर्ज आणि चालती नोकरशाही. कोसॅकांना आपल्या प्रदेशात अजिंक्य आणि सीमेबाहेर निम्मी ताकद, डॉनच्या बाहेर लढायला ते कधीच खुश नव्हते.

रशियन नसलेल्यांना उरलेसुरले समजू नका

युक्रेनच्या राडाने (कीव्हमधली प्रतिनिधी सभा) 20 नोव्हेंबर 1917 च्या तिसऱ्या युनिव्हर्सलमध्ये, म्हणजे जाहीरनाम्यात, युक्रेनी लोकगणराज्य जाहीर केलं, पण रशियाच्या संघराज्यात राहून. पूर्ण स्वातंत्र्य जानेवारीत, बोल्शेविक सैन्य चालून आल्यावर. आपल्या फाट्यात ती चढाई होत नाही, म्हणजे राडा पेत्रोग्रादच्या टेबलावर येऊन बसते, धान्य तिच्याकडे आहे, आणि ती विचारते की संघराज्य म्हणजे नक्की काय ते लिहून द्या. हा प्रश्न प्लेयरने तीन टर्नमध्ये सोडवला नाही तर ती जर्मनांशी वेगळा तह करते, जसा खऱ्या इतिहासात 9 फेब्रुवारीला झालाच. फिनलंडला मात्र परत आणायचा मार्ग ठेवू नका, 6 डिसेंबरला ते गेले ते गेले.

कझाखांचं स्वायत्त सरकार अलाश ओर्दा, उरलकडचे बाश्कीर, सायबेरियातले पांढऱ्या-हिरव्या झेंड्याचे प्रादेशिकवादी, हे सगळे एका साच्यात घालू नका. नात्यांसाठी बाश्कीरांचा नेता झेकी वेलिदी याचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा: बाश्कीर सैन्य आधी पांढऱ्यांबरोबर (बोल्शेविकविरोधी सैन्यं) लढलं, पांढऱ्यांचा नेता कोल्चाक याने स्वायत्तता मोडीत काढली तेव्हा 1919 च्या सुरुवातीला लालांकडे, म्हणजे बोल्शेविकांकडे, गेलं, आणि मॉस्कोने पण शब्द आखडता घेतल्यावर वेलिदी 1920 मध्ये तिकडूनही निघून गेला. त्याने बाजू बदलली, मागणी बदलली नाही. म्हणून दोन गटांमध्ये मैत्रीचा एक आकडा ठेवण्यापेक्षा "कुठल्या वचनावर मैत्री आहे" ते लिहा, वचन मोडलं की मैत्री त्याच टर्नला संपते.

झारवाल्यांबद्दल थोडक्यात. खेळणाऱ्यांना रोमानोव्ह परत आणायला फार आवडतं, पण 1917-18 मध्ये पांढरे सेनापतीसुद्धा उघडपणे झारचं नाव घेत नव्हते, राज्यपद्धती नंतर ठरवू म्हणत होते. उघड राजेशाहीची घोषणा झाली ती 1922 मध्ये व्लादिवोस्तोकला, सगळं हरल्यावर. त्यामुळे सुरुवातीला हा गट नको, बाकीचे तीन-चार पर्याय मेल्यावर उघडणारा रस्ता म्हणून ठेवा.

पायरी 7: घड्याळ

गट कितीही छान असले तरी घाई नसेल तर प्लेयर सगळ्यांना खुश ठेवत बसतो. दोन घड्याळं पुरतात. एक जर्मन: 15 डिसेंबर 1917 ला शस्त्रसंधी झाली, खऱ्या इतिहासात 18 फेब्रुवारीला ते परत पुढे सरकले आणि 3 मार्चला तह झाला, तर तुमच्या आघाडी सरकारला साधारण तेवढाच वेळ द्या. दुसरं पेरणीचं: वसंतापर्यंत जमीन कोणाची हे कायद्याने ठरलं नाही तर गाव स्वतः ठरवतं, आणि नंतर आलेला कुठलाही कायदा अर्ध्याच ताकदीने लागू होतो. ही दोन घड्याळं एकाच वेळी भरतील अशी लावा. तहावर सही केली तर डावे एसआर आणि बुखारिनचे लोक फुटायला येतात, नाही केली तर शेतकरी सैनिक वाटणीत आपला हिस्सा बुडू नये म्हणून घरी पळतात आणि आघाडी रिकामी होते.

हिंसेबद्दल

हे लिहायलाच हवं. त्या वर्षांत लाल दहशत होती, पांढऱ्यांची दहशत होती, आणि 1919 मध्ये युक्रेनमध्ये ज्यूंच्या कत्तली झाल्या ज्यात वेगवेगळ्या सैन्यांचे हात होते. हे गेममधून पुसून टाकणं खोटं आहे, आणि "दहशत: अधिक 10 शिस्त" असं बटण करणं त्याहून वाईट. माझी पद्धत अशी की हिंसा प्लेयरने निवडायचा फायदा म्हणून येत नाही, पकड सुटलेल्या प्रांतात, पगार न मिळालेल्या सैन्यातून ती आपोआप होते, आणि ती थांबवायला प्लेयरला काहीतरी महत्त्वाचं खर्चावं लागतं. लोकसंख्येच्या गटांना जन्मतः "निष्ठावान" किंवा "संशयित" असे टॅग लावू नका, तो त्या काळच्या छळ करणाऱ्यांचा हिशोब आहे, आपला नाही.

पायरी 8: कागदावर चालवून बघा

कोड लिहायच्या आधी चार-पाच जणांना प्रत्येकी एक पान द्या, फक्त पायरी 5 चं पान, पक्षाचं नाव झाकून. पेत्रोग्रादमध्ये धान्य संपलंय, व्होल्गावर एक भरलेली गाडी उभी आहे, ती कोणी आणि कशी आणायची, एवढा एकच प्रसंग सांगा आणि बोलू द्या. नंतर नावं उघडा. ज्याच्या वागण्यावरून बाकीच्यांना पक्ष ओळखता आला त्याचं पान तयार आहे. जो "मी कोणाशीही जमवून घेतो" म्हणत बसला त्याच्या पानावरची "सोडू शकत नाही" ही ओळ कच्ची आहे, ती परत लिहा. आणि दोघांनी एकमेकांना काहीच न देता अर्धा तास काढला तर "देऊ शकतात" मध्ये भर घाला. आधी एसआर आणि बोल्शेविकांची पानं पक्की करा, मग विकझेल, मग राडा, कारण बाकीचे सगळे या चौघांच्या भांडणात बाजू घेतच टेबलावर येतात.